वर्षातून एकदाच ओहोटी येणारा किनारा

बालमित्रांनो, समुद्र पाहायला कोकणात किंवा मुंबईलाच जायला हवं, असं तुम्हांला वाटतं ना? मग सांगा बरं, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेवगाव तालुक्यात किनारा आहे का? भूगोलाचं पुस्तक म्हणेल, छे! पण शेवगावची पोरं हसून म्हणतील, आहे की! घोटण, खानापूर, कऱ्हेटाकळी, एरंडगाव या गावांच्या बाजूला जा. समोर पसरलंय ते नाथसागराचं पाणी, आणि त्याच्या काठाला चिखल, गवत आणि हजारो पक्षी.

कोकणातल्या खाडीत भरती-ओहोटी रोज दोनदा होते. पाणी हटलं की चिखल उघडा पडतो आणि पक्षी जेवायला येतात. नाथसागरावरही हेच घडतं, फक्त वर्षातून एकदा! पावसाळ्यात गोदावरी भरून येते आणि जलाशय फुगतो, ही झाली भरती. पुढे 208 किलोमीटरचा डावा आणि 132 किलोमीटरचा उजवा कालवा पाणी नेतात, ऊनही पाणी पितं आणि जलाशय हळूहळू मागे सरकतो. ही ओहोटी उन्हाळा संपेपर्यंत चालते.

आता थोडं गणित करू या. समजा काठाचा उतार इतका मंद आहे, की 200 मीटर चाललं तर फक्त 1 मीटर खाली उतरतो. मग पाणी 1 मीटरने घटलं, तर किती जमीन उघडी पडेल? बरोबर, 200 मीटर! म्हणूनच इथे एवढा मोठा चिखलपट्टा तयार होतो. त्यात किडे, अळ्या, गोगलगायी, पाणवनस्पतींची मुळं असं सगळं असतं. पक्ष्यांची जणू पंगतच!

चला तर मग, फेरी मारू या. डिसेंबर ते फेब्रुवारीतला एखादा रविवार निवडा. काठावरच्या गावात उतरा आणि आधी तिथल्या शेतकरीकाकांना किंवा मासेमारी करणाऱ्या दादांना विचारा, "काका, कुठून जाऊ? चिखल कुठवर आहे?" त्यांच्याइतकी माहिती कुठल्याच नकाशात नसते. सकाळी पाणी उजव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे चाला, म्हणजे सूर्य पाठीशी राहील. दीड-दोन किलोमीटर झाले की वळा आणि शेतांच्या कडेच्या गाडीवाटेने परत या. तीन-चार किलोमीटरची सोपी फेरी, ना चढ ना उतार. आजीसुद्धा येईल!

शेवगावकरांची एक गंमत माहीत आहे का? आपण जलाशयाच्या दक्षिणेला राहतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून पाण्याकडे तोंड केलं की ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर! रंग कसे लख्ख दिसतात.

कोण कोण भेटेल? काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा लावलेला पक्षी दिसला, तर तो 'वारकरी'. पैठणच्या एकनाथ महाराजांचं नाव मिळालेल्या पाण्यात वारकरी नसेल तर कुठे असेल? लाल काड्यांसारख्या लांब पायांवर तुरुतुरु चालतो तो शेकाट्या. नारिंगी-तपकिरी अंगाची जोडी दिसली तर ते चक्रवाक. पसरट चोचीने पाणी चाळतो तो थापट्या. आणि पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतील, तर उभे राहून बघा. तो पट्टकादंब! मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेला पाहुणा. उडताना तो सात हजार मीटरपर्यंत पोचल्याची नोंद आहे. नशीब जोरावर असेल तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगोही दिसेल. त्याचा गुलाबी रंग येतो त्याच्या खाण्यातून, शेवाळ आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतून.

हे पाहुणे इथे सुटी घालवायला येत नाहीत बरं का. उत्तरेकडे बर्फ पडतो, अन्न मिळत नाही, म्हणून ते येतात. परतीच्या प्रवासासाठी इथेच अंगावर चरबी साठवायची असते. आपण "हुर्रे!" करून थवा उडवला, तर त्याची साठवलेली ताकद वाया जाते. दिवसातून दहा टोळकी आली आणि प्रत्येकाने एकदाच उडवलं तरी काय होईल, विचार करा. म्हणून थवा मान वर करून बघू लागला की तुम्ही थांबायचं. कुत्रा घरी ठेवायचा. मार्चनंतर तर पाऊल फार जपून टाका. टिटवी आणि सुरय उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि ती हुबेहूब खड्यांसारखी दिसतात.

आणखी एक गोष्ट. हे पाणी नेहमी इथे नव्हतं. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. मराठवाड्याच्या शेतांना पाणी मिळालं, पण शंभरावर गावांची घरं, शेतं, देवळं पाण्याखाली गेली. दुष्काळात पाणी फार खाली गेलं की जुन्या बांधकामाचे दगड वर येतात. तुमच्या वर्गात त्या गावांतून उठून आलेल्या घरची मुलं असतील. घरी आजी-आजोबांना विचारा, "आपलं गाव कुठे होतं?" उत्तर वहीत लिहून ठेवा. ती आठवण सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.

1986 मध्ये हा जलाशय पक्षी अभयारण्य झाला. त्यामुळे वनविभागाचे नियम पाळायचेच. पाणी ओसरलं की उघड्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. ते पीक तुडवायचं नाही.

आईबाबांसाठी दोन शब्द: वरून कोरडा दिसणारा गाळ आतून मऊ असतो, पाय मांडीपर्यंत रुततो. हिरवळ संपून चकचकीत चिखल सुरू झाला की मुलांना पुढे जाऊ देऊ नका. पाण्यात तर मुळीच उतरवू नका. काठावर शेतीच्या मोटारींच्या वायरी असतात, त्यांच्यापासून दूर राहा. टोपी, पाणी आणि बंद बूट बरोबर हवेत.

आणि मित्रांनो, एक काम तुमच्याकडे. काठावरचं एखादं मोठं झाड खूण म्हणून धरा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथून पाण्यापर्यंत किती पावलं होतात ते मोजा, दिसलेले पक्षी लिहा. जूनपर्यंत तुमच्या वहीत एक अख्खी ओहोटी उतरलेली असेल. पहिला पट्टकादंब कुणाला दिसतो, बघू या!