आस्कंदाचे मूळ आणि आपल्या माणसांचा थकवा



गेल्या तिमाहीत तुमच्यापैकी काहींनी आमच्या सातपुड्यातील दवाखान्यासाठी अश्वगंधा चूर्णाच्या पुड्या प्रेमाने पाठवल्या. "पाड्यावरच्या कष्टकरी माणसांना ताकद येईल," असे सोबतच्या चिठ्ठीत होते. मनःपूर्वक आभार. पण हे चूर्ण आम्ही सरसकट का वाटत नाही, हे तुम्हाला सांगायला हवे.

अश्वगंधा म्हणजे आपला आस्कंद. ओल्या मुळाला घोड्यासारखा वास येतो म्हणून हे नाव. या मुळाने अंगात बळ येते, असे आयुर्वेद फार पूर्वीपासून सांगतो. पुण्यातील संशोधकांनी ते उंदरांवर पारखून पाहिले. त्यांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. पद्धत साधी होती. उंदीर पाण्यात सोडायचे आणि थकेपर्यंत किती वेळ पोहतात ते मोजायचे. काहीच न दिलेले उंदीर सरासरी १६३ मिनिटे पोहले. अश्वगंधा दिलेले ४७४ मिनिटे, तर जिनसेंग हे परदेशी मूळ दिलेले ५३६ मिनिटे. म्हणजे आस्कंदाने दम जवळजवळ तिप्पट वाढला. पुढे निरोगी माणसांवर झालेल्या काही छोट्या अभ्यासांतही दम आणि ताकद थोडी वाढलेली दिसली.

मग अडचण कुठे आहे? ते उंदीर धडधाकट होते. आमच्याकडे "अंगात त्राण नाही" म्हणून येणारा माणूस बहुधा तसा नसतो. कुणाच्या अंगात रक्त कमी असते. कुणाला सिकलसेल असतो, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अंगभर प्राणवायू नीट पोहोचत नाही. कुणाला क्षय असतो. पोहणाऱ्या उंदराचा थकवा श्रमाचा होता, यांचा थकवा आजाराचा आहे. चूर्णाने चार दिवस बरे वाटले, तर माणूस तपासणीला येत नाही. क्षयाच्या रुग्णाने तेवढ्यावर गोळ्या सोडल्या, तर जिवावर बेतते. त्या गोळ्या साधारण सहा महिने न चुकता घ्याव्या लागतात.

शिवाय गरोदर बाईने आस्कंद घेऊ नये. थायरॉइडचा किंवा यकृताचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. झाडपाल्याचे औषध आहे म्हणून ते निर्धोकच असते, असे नाही.

म्हणून थकवा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचे आम्ही आधी रक्त तपासतो. खोकला जुना असेल तर थुंकीही. तुमच्या पुड्या जपून ठेवल्या आहेत, डॉक्टर सांगतील त्यालाच देऊ. पुढच्या वेळी पाठवायचे मनात आले, तर रक्त तपासण्याच्या साहित्यासाठी पाठवा. एका थेंबात सिकलसेलची शंका कळते, आणि एखाद्या मुलाचा थकवा आळस नव्हता, हे त्याच्या आईबापांना समजते.