गारगोटी आणि काच

विहीर खणताना काळ्या खडकात कधी कधी एक पोकळी लागते. आत पांढरे, चकचकीत, टोकदार खडे असतात. पोरे ते खिशात घालतात. कुणी त्यांना गार म्हणतात, कुणी गारगोटी. असा एखादा टोकदार खडा नीट बघा. त्याला कुणी पैलू पाडलेले नाहीत. तरी त्याला सहा बाजू असतात.

आता कंदिलाची काच बघा. तिला स्वतःचा असा आकार नाही. कारागीर देईल तो तिचा आकार.

गंमत अशी, की दोन्ही एकाच घरची. काच करतात ती पांढऱ्या वाळूची. ती वाळू म्हणजे गारगोटीचाच चुरा. मग फरक कशाचा? फरक आहे मांडणीचा.

सगळे पदार्थ अणूंचे बनलेले असतात. अणू म्हणजे फार फार बारीक कण. डोळ्यांना तो दिसत नाही. गारगोटीत दोन जातींचे अणू आहेत. एक सिलिकॉन, दुसरा प्राणवायू. सिलिकॉनला चार हात आहेत असे समजा. प्राणवायूला दोन. सिलिकॉन चार हातांनी चार प्राणवायूंना धरतो. प्रत्येक प्राणवायू दुसऱ्या हाताने पुढच्या सिलिकॉनला धरतो. असे करत करत खड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळे विणले जाते. आणि ते ओळीने, मापात विणले जाते. म्हणून तर सहा बाजू सरळ येतात. अशा पदार्थाला स्फटिक म्हणतात.

हे हात फार घट्ट असतात. चाकूने गारगोटीवर ओरखडा उठत नाही. उलट गारगोटीने काचेवर उठतो. लोखंड सुमारे १५०० अंशांवर वितळते. गारगोटीला १७०० अंश लागतात. हिराही असाच. त्यात एकट्या कार्बनचे, म्हणजे कोळशातलेच, अणू चार-चार हातांनी एकमेकांना धरून बसलेले असतात.

काचेत काय होते? त्यासाठी साखरेकडे बघा. साखरेचे दाट पाणी करून त्यात दोरा सोडा आणि बरेच दिवस हलवू नका. दोऱ्यावर खडीसाखर धरते. तिचे खडे कोनदार असतात, कारण कणांना ओळीने बसायला सवड मिळते. पण तीच साखर कढईत वितळवून ताटावर ओता. ती लगेच थिजते. कणांना सवड मिळत नाही. जो जिथे आहे तिथेच अडकतो. चिक्कीचा पाक तो हाच. तोही काचेसारखाच कडक, आणि पटकन तुटणारा.

वाळूचे तसेच. नुसती वाळू वितळायला भट्टी फार तापवावी लागते. म्हणून तीत सोडा घालतात. सोड्याने काही हात सुटतात आणि वाळू कमी आचेवर वितळते. पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळेल, म्हणून चुन्याचा दगडही घालतात. हा रस निवला की काच होते. सिलिकॉनचे चार हात तिच्यातही आहेत, पण ओळी वाकड्यातिकड्या. काही हात घट्ट, काही ढिले. म्हणून काच एकदम वितळत नाही. आधी मऊ होते, मग मधासारखी होते. कारागीर तेवढ्यात नळीने फुंकून चिमणी करतो. १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, तो लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून.

पितळेचा तांब्या पडला तर पोचा येतो. काच पडली तर फुटते. असे का? पितळेचे अणू एकमेकांवरून सरकतात. काचेचे हात ठरल्या दिशेलाच धरलेले असतात. ते सरकत नाहीत, तुटतात. तापलेल्या चिमणीवर पाण्याचा थेंब पडला, की तेवढीच जागा आक्रसते. बाकीची काच तापलेलीच असते. ओढाताण होते, आणि चीर पळत सुटते. म्हणून चिमणी पुसायची तर आधी गार होऊ द्यावी.

आता एक गोष्ट जिवाशी गाठ असलेली. गारगोटी फोडताना फार बारीक धूळ उडते. ती श्वासाबरोबर फुप्फुसात जाते आणि तिथेच राहते. तिच्याभोवती वण धरतात. वर्षे जातात, मग दम लागू लागतो. या रोगाचे नाव सिलिकोसिस. वण मागे हटत नाहीत. क्षयही अशा माणसाला लवकर गाठतो. गुजरातेत खंबायतला अकीकाचे मणी घासतात. अकीक म्हणजे गारगोटीचीच जात. तिथल्या कित्येक कारागिरांना हा रोग जडला आहे. काचेची धूळही वाईटच, पण गारेच्या धुळीइतकी घातक नाही. इथेही मांडणीचाच फरक!

आपल्याकडे सिंधुदुर्गात कासार्डे भागात काचेच्या वाळूच्या खाणी आहेत. ग्रॅनाइटमध्ये आणि वाळूच्या दगडातही गार भरपूर असते. असले दगड फोडणाऱ्याने दगडावर पाणी मारत राहावे. ओल्या दगडाची धूळ कमी उडते. तोंडाला बांधलेले फडके ही धूळ अडवत नाही. मालकाकडून धुळीचा खास मुखवटा मागून घ्यावा. आणि खोकला झाला तर दवाखान्यात आधी आपला धंदा सांगा. हा खोकला आणि क्षयाचा खोकला सारखाच वाटतो. धंदा कळला नाही तर डॉक्टरचीही फसगत होते.