हवस, हौस आणि हौशी

मराठीत आवडीला शब्दांची उणीव नाही. गोडी, ओढ, छंद, नाद, वेड, सोस, शौक, हव्यास. प्रत्येकाची पायरी वेगळी. यांत ‘हौस’ या शब्दाचा प्रवास मला सर्वांत नवलाचा वाटतो.

शब्द मूळचा अरबी. तिथे ‘हवस’ म्हणजे वेड, झपाटलेपण. फारसीत तो इच्छा, लहर, वासना असा पसरला. हिंदी-उर्दूत घसरत घसरत लालसेवर, विशेषतः कामवासनेवर येऊन ठेपला. मराठीत मात्र ‘हवस’ची ‘हौस’ झाली आणि शब्द घरंदाज झाला. सुनेची हौस, नातवंडांची हौस, डोहाळजेवणाची हौस. तो इतका सोज्वळ ठरला, की लेकीचे नाव म्हणूनही चालला. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या, स्वातंत्र्यसैनिक हौसाताई पाटील (१९२७–२०२१) यांचे नाव याच शब्दावरून आलेले.

आमच्या कोलशेतला खाडीकाठचे जुने गावठाण आणि नवे टॉवर एकमेकांना खेटून उभे आहेत. गावठाणातल्या आगरी-कोळी घरांत हळद असली, की ‘पोराची हौस हाय’ हे वाक्य हमखास कानी पडते. आमच्या इमारतीतल्या एका हिंदीभाषक शेजाऱ्यांनी मला त्याचा अर्थ विचारला. अर्थ ऐकून ते खूश झाले. शब्दाचे मूळ सांगितले तेव्हा चपापले.

हा शब्द मराठीत कशामुळे सावरला? माझ्या मते, उत्तर त्याच्या सोबतच्या क्रियापदांत आहे. वेड लागते, नाद लागतो, व्यसन जडते. तिथे माणूस धरला जातो. हौस मात्र भागते, पुरवता येते, फेडता येते. नवस फेडावा, पांग फेडावेत, तशी हौस फेडावी. म्हणजे तिला शेवट आहे. शिवाय ती दुसऱ्याने पुरवायची असते. आईने लेकीची, सासूने सुनेची. हव्यास कोणी कोणाचा पुरवत नाही. ‘फिटली हौस!’ असे आपण वैतागून म्हणतो, तेव्हाही ती संपू शकते हे गृहीतच असते.

म्हणूनच ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण जपून वापरावी. तिचा एक अर्थ, आनंदाची किंमत पैशात होत नाही. दुसरा, खर्चाला मर्यादा नको. हळदीतला डीजे, मद्य आणि जेवणावळी आवरा, असे आगरी-कोळी समाजातलीच जाणती माणसे सांगत असतात. त्यांच्यावर ‘हौसेच्या आड येता’ असा ठपका येतो. पण शेजाऱ्यापेक्षा मोठा मांडव हवा म्हणून जमिनीचा पैसा उडाला, तर तिथे फिटले काय? पुढच्या वर्षी दुसऱ्याचा मांडव आणखी मोठा. जी फिटतच नाही तिला मराठीत हौस म्हणत नाहीत.

याच शब्दाचे दुसरे अपत्य ‘हौशी’. हौशी रंगभूमी म्हणजे पोटासाठी नव्हे, आवडीसाठी केलेले नाटक. गंमत अशी, की तुर्की भाषेत याच ‘हवस’पासून ‘हेवेस्कार’ हा शब्द झाला आणि त्याचाही अर्थ हौशी असाच आहे. हिंदीने त्यासाठी ‘शौकिया’ निवडला. आपल्याकडे मात्र ‘शौक’ला चैनीचा वास येतो. बेळगाव-धारवाडकडे कन्नडमध्ये ‘हव्यास’ म्हणजे छंद आणि ‘हव्यासी रंगभूमी’ म्हणजे हौशी रंगभूमी! आपण ज्याला लोभ समजतो, ते शेजारच्या भाषेत निर्मळ. शब्दाची अब्रू त्याच्या कुळावर ठरत नाही; बोलणारे त्याला कसे वागवतात त्यावर ठरते.

पण ‘हौशी’ला आपण नीट वागवतो का? हौशी नट म्हणजे कच्चा, हौशी लेखक म्हणजे फावल्या वेळेचा, असा सूर हल्ली सर्रास लागतो. पदवी वा पद नसताना कोश चाळणाऱ्या माझ्यासारख्याची ओळखही ‘हौशी संशोधक’ अशी करून दिली जाते, तीही किंचित हसून. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) कागदपत्रांसाठी गावोगाव पायपीट करत हिंडले, ते काही विद्यापीठाच्या पगारावर नव्हे. काम कच्चे असेल तर ते कच्चे म्हणून दाखवून द्यावे. पुरावा मागावा, चूक काढावी. त्यासाठी ‘हौशी’ हे विशेषण खर्ची घालू नये. वासनेच्या वस्तीतून उचलून मराठीने हा शब्द माजघरात आणला. आता त्याला ओसरीवर ताटकळत ठेवणे बरे नव्हे.