एसडीआर: डोंगल स्वस्त, मेहनत अँटेनाची

नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगावच्या पूर्वेला खोडद लागते. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना अवकाशातल्या रेडिओलहरी टिपतात. त्या लहरींचे आकडे होतात आणि आकडेमोड संगणक करतात. सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, म्हणजे एसडीआर, याच तत्त्वावर चालतो. तरीही एसडीआरचा छंद फक्त शास्त्रज्ञांचा किंवा पैसेवाल्यांचा, असे अनेकांना वाटते. टीव्हीसाठी बनलेल्या यूएसबी डोंगलमधली आरटीएल२८३२यू चिप कच्चे नमुने थेट संगणकाला देऊ शकते, हे २०१२ मध्ये हौशी लोकांच्या ध्यानात आले आणि ही समजूत मोडली. सोबत जीएनयू रेडिओसारखे मोफत सॉफ्टवेअर होतेच.

‘सॉफ्टवेअर सगळे सांभाळते’ हा गैरसमज मात्र नवख्याला सर्वांत जास्त भोवतो. हा डोंगल एका वेळी साधारण २.४ मेगाहर्ट्झचाच पट्टा पाहतो. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा एफएम पट्टा एकदम त्यात मावत नाही. त्याचा प्रत्येक नमुना अवघा ८ बिटचा. शहरातल्या जोरदार एफएम केंद्रांनी तो भरून गेला की शेजारचा क्षीण संदेश हरवतो, आणि हरवलेले कोणताही प्रोग्राम परत आणत नाही. म्हणून एफएम अडवणारा फिल्टर घ्या आणि अँटेना स्वतः बनवा. १३७ मेगाहर्ट्झच्या हवामान उपग्रहांसाठी सुमारे ५३ सेंटिमीटरच्या दोन सळ्या १२० अंशांत जोडून गच्चीवर आडव्या ठेवल्या तरी पुरते. खरी कारागिरी इथेच आहे, आणि आनंदही.

हवामानाची चित्रे पाठवणारे अमेरिकेचे नोआ-१५, १८ आणि १९ उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले, म्हणून चित्रे संपली असे नाही. रशियाच्या मेटिऑर उपग्रहांची चित्रे १३७ मेगाहर्ट्झच्या याच पट्ट्यात येतात. पत्र्याचा हॉर्न अँटेना आणि चांगला अॅम्प्लिफायर असेल, तर आकाशगंगेतल्या हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची खूणही घरच्या डोंगलवर दिसते.

कायद्याबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत: काहींना सगळेच बेकायदा वाटते, काहींना सगळेच चालते असे वाटते. एफएम किंवा हवामान उपग्रह ऐकणे वेगळे, दुसऱ्याचे खासगी संदेश चोरून ऐकणे वेगळे. तो गुन्हा आहे. देवळाली आणि ओझरची लष्करी ठाणी जवळ असलेल्या नाशिकसारख्या शहरात तर लष्करी संदेशांच्या वाटेला जाऊच नये. प्रक्षेपण करायचे असेल, तर आधी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा (हॅम) परवाना काढा.