तुसाचे मोल

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर समुद्रालगत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्यांच्या मागे डोंगराच्या पायथ्यापर्यंत भाताची शेते पसरली आहेत. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या भागांतील शेतकरी पावसाळ्यात भात लावतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास त्याची कापणी करतो. भात झोडून झाले, की खळ्यावर पेंढा उरतो. पुढे भात गिरणीत भरडले, म्हणजे तांदळाबरोबर आणखी दोन वस्तू बाहेर पडतात : दाण्यावरचे टणक साल म्हणजे तूस आणि त्याच्या आतला पातळ थर म्हणजे कोंडा.

पेंढा गुरांच्या वैरणीस येतो. कोंड्यापासून खाद्यतेल काढतात. शिवाय 'कोंड्याचा मांडा करणे' ही म्हण तर तुम्हांला ठाऊकच आहे. बिचाऱ्या तुसाला मात्र असा मान नाही. गुरे ते आवडीने खात नाहीत आणि जमिनीत टाकले तरी ते लवकर कुजत नाही. म्हणून गिरणीच्या मागे त्याचे ढीग साचतात. १०० किलो भात भरडले, तर त्यातून सुमारे २० किलो तूस निघते. एवढी मोठी वस्तू खरोखरच टाकाऊ असेल काय?

भाताच्या शेतातून उघड्या हातापायांनी चालताना पात्यांचे ओरखडे उठतात. असे का व्हावे? भाताचे रोप जमिनीतून 'सिलिका' नावाचे द्रव्य शोषून घेते. काच ज्या द्रव्यापासून बनते, तेच हे द्रव्य होय. भात ते नत्रापेक्षाही अधिक प्रमाणात घेते आणि आपल्या पानांत, खोडांत व तुसात साठवते. सिलिका हे जणू त्या रोपाचे चिलखत आहे. त्यामुळे खोड ताठ राहते, वाऱ्यापावसात पीक सहसा लोळत नाही, आणि करपा रोग व खोडकिडा यांना ते सहजासहजी दाद देत नाही. तूस पुरते जाळले, तर २० किलोंची सुमारे ४ किलो राख उरते आणि त्या राखेचा बहुतेक भाग सिलिकाच असतो. पीक कापून नेले, की हे चिलखतही शेताबाहेर जाते. दरवर्षी असेच होत राहिले आणि परत काही मिळाले नाही, तर जमीन दुबळी होणार, हे उघड आहे.

आता कोकणातील एक जुनी चाल पाहू. भाताचे रोप तयार करण्यासाठी शेतकरी उन्हाळ्यात 'राब' भाजतो. रोपाच्या जागेवर शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा व गवत यांचे थर पसरून वर माती टाकतात आणि ते पेटवून देतात. त्या उष्णतेने तणाचे बी मरते व राखेचे खत मिळते. ही चाल अडाणीपणाची नव्हे; तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. परंतु तिची किंमत मोठी आहे. जे शेण शेताला खत म्हणून मिळाले असते, ते जळून जाते, आणि फांद्यांसाठी डोंगरावरची झाडे बोडकी होतात. इंग्रजी अमलात सरकारने जंगलतोडीवर निर्बंध घातले, तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांपुढे राबाचे काय करावे, असा प्रश्न उभा राहिला. त्यांच्या गाऱ्हाण्यांचा विचार मुंबई सरकारने नेमलेल्या वन आयोगाला करावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली प्रसिद्ध झाला. हा कुलाबा जिल्हा म्हणजेच १९८१ पासूनचा आपला रायगड जिल्हा. शेत जगवावे की जंगल राखावे, असा तो पेच होता.

या पेचातून सुटण्याची एक वाट गिरणीमागच्या ढिगातूनच निघाली. डॉ. नारायण सावंत या कृषिशास्त्रज्ञांनी भातशेतीची 'चारसूत्री' पद्धत मांडली. तिचे पहिलेच सूत्र असे, की पिकाचे अवशेष शेताला परत द्यावेत. त्यासाठी तूस मंद आचेवर जाळून त्याची काळी राख करतात. ती फार तापवून पांढरी करू नये. कारण अतिउष्णतेने सिलिका घट्ट होते व रोपाला ती घेता येत नाही. ही राख गादीवाफ्याच्या दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो या प्रमाणात मातीत मिसळतात. माती भुसभुशीत होते, रोपे जोमदार वाढतात आणि उपटताना त्यांची मुळे तुटत नाहीत. पेंढाही हेक्टरी सुमारे २ टन या प्रमाणात नांगरणीच्या वेळी शेतात गाडतात. पिकाने घेतलेल्या पालाशाचा मोठा भाग पेंढ्यातच असतो. तो अशा रीतीने जमिनीला परत मिळतो.

मात्र राखेने सगळेच साधते, असे समजू नये. जाळल्यावर नत्र हवेत निघून जाते. म्हणून दुसऱ्या सूत्रात गिरिपुष्पाचा हिरवा पाला शेतात घालण्यास सांगितले आहे. रोपांची ठरावीक अंतरावर लावणी हे तिसरे सूत्र, आणि खताच्या गोळ्या रोपांमध्ये खोल खोचणे हे चौथे. शिवाय राब न भाजल्यामुळे तण अधिक उगवते. ते हाताने काढण्याचे कष्ट शेतकऱ्याला घ्यावेच लागतात. परंतु त्या कष्टांच्या मोबदल्यात डोंगरावरची झाडे वाचतात.

तुसाचे उपयोग येथेच संपत नाहीत. अनेक गिरण्यांत ते जळण म्हणून वापरतात आणि बारीक दळलेली राख सिमेंटमध्ये मिसळली असता बांधकाम अधिक टिकाऊ होते. ओल्या पेंढ्यावर धिंगरी अळंबी वाढवतात आणि अळंबी काढून झाल्यावर उरलेल्या पेंढ्याचे खत होते.

मुलांनो, एखादी वस्तू टाकाऊ आहे, असे म्हणण्यापूर्वी ती कशाची बनली आहे आणि कोठून आली आहे, हे विचारण्याची सवय लावून घ्या. तूस शेतातून आले होते. त्याची खरी जागाही शेतातच होती. ती ओळखायला आपल्याला मात्र बराच काळ लागला.