गोड धार, खारं तळं : लोणारला एक मुक्काम

शेगावचं दर्शन आणि सिंदखेडराजा यांच्या मधल्या वेळात लोणार उरकणारे लोक पुष्कळ. विवराच्या काठावर गाडी थांबते, फोटो निघतात आणि अर्ध्या तासात मंडळी पुढच्या रस्त्याला लागतात. मला याची फार हळहळ वाटते. बुलढाणा जिल्ह्यातलं हे गाव शनिवारी दुपारी गाठावं आणि रविवारी पोटभर जेवून मगच सोडावं. त्याशिवाय ते कळत नाही.

शास्त्राचा भाग सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेला असतो, म्हणून थोडक्यात सांगतो. बेसाल्ट खडकावर उल्का आदळून झालेलं, काठापाशी सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल असं हे विवर. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. ते उल्कापातानेच झालं याचे भक्कम पुरावे १९७३ मध्ये पुढे आले. वयाबद्दल मतभेद आहेत. एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं येतात, दुसरीने साडेपाच लाखांच्या वर. २००० मध्ये अभयारण्य, २०२० मध्ये रामसर यादीत समावेश.

आता माझ्या आवडीच्या जागेकडे, म्हणजे धारेकडे वळतो. गावाच्या बाजूने विवराच्या काठाशी पायऱ्या उतरल्या की गोमुखातून बारा महिने पडणारं पाणी दिसतं. लोणारकर तिला नुसतं ‘धार’ म्हणतात. भर वैशाखात आसपासच्या विहिरी तळाला गेलेल्या असतात, तेव्हाही ती वाहते. सकाळी सातच्या सुमाराला तिथे बसून राहावं. कुणी आंघोळीला आलेलं असतं, कुणी तांब्या भरून देवळाकडे निघालेलं असतं, दूर गावाहून एखादं कुटुंब आपल्या माणसाचं क्रियाकर्म करायला आलेलं असतं. पाणी ओंजळीत घेऊन प्यावं. गार, गोड, नितळ.

हेच पाणी उतारावरून झाडीत शिरतं, खाली तळ्याला मिळतं आणि खारं होतं. इतकं खारं आणि इतकं अल्कधर्मी, की त्याचा सामू दहाच्या घरात जातो. कारण सरळ आहे. पावसाचं पाणी बेसाल्टच्या थरांमध्ये मुरतं. उल्केने ते थर कापले गेल्यामुळे विवराच्या उतारावर जागोजागी झरे फुटतात. पण तळ्यातून बाहेर पडायला पाण्याला वाट नाही. ते फक्त उन्हाने उडतं आणि क्षार मागे ठेवून जातं. हजारो वर्षं हाच हिशेब चालू आहे. पूर्वी उन्हाळ्यात काठावर साचलेले हे क्षार लोक गोळा करत. त्यांच्या प्रतींना दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावं होती आणि साबणाच्या धंद्यात त्यांना मागणी होती.

तळ्यापर्यंत उतरलात तर चिमूटभर हळद जवळ ठेवा. हळद लावलेलं बोट तळ्याच्या पाण्यात बुडवलं की पिवळा रंग बघता बघता लाल होतो. घरी हळदीला चुना लावून कुंकू करत, त्यातलंच हे रसायन. बोटं एकमेकांवर चोळली तर साबण लागल्यासारखी बुळबुळीत लागतात. जून २०२० मध्ये अख्खं तळं गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचं सांगितलं. पाणी कमी, क्षार जास्त, की हे जीव माजतात.

लोणारचं अध्यात्म मला या झऱ्यांशी बांधलेलं दिसतं. धारेपाशी देवळं, सीतान्हाणीला झरा, रामगयेलाही पाणी. जिथे गोड पाणी फुटलं तिथे माणसाने हात जोडले. तळ्याच्या अगदी काठाला कमळजा देवी आहे. नवरात्रात तिची यात्रा भरते. तिच्याजवळ सासू-सुनेची विहीर, तिचं पाणी एका बाजूने गोड आणि दुसऱ्या बाजूने खारं असं गावात सांगतात. तळं चढलेलं असलं की तिकडची वाट पाण्याखाली जाते, तेव्हा आधी चौकशी करून उतरावं. एकट्याने जाऊ नये. झाडी दाट आहे आणि गावातला माहीतगार वाटाड्या बरोबर असला तर पडझड झालेलं प्रत्येक देऊळ नावानिशी दाखवतो. वाटेत मोर हमखास दिसतात.

गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ मात्र घाईने पाहूच नका. लवणासुर इथे जमिनीखाली दडून बसला होता, विष्णूने त्याच्या बिळावरचं झाकण उडवून त्याला मारलं, तो खड्डा म्हणजे हे तळं, अशी कथा. आकाशातून काहीतरी आलं आणि जमीन फाटली, हे त्या कथेतही आहे, याचं मला दर वेळी नवल वाटतं. बाहेरच्या भिंती तारकेसारख्या कोनाकोनांनी वळतात, त्यामुळे सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक मूर्तीला वेगळी सावली मिळते. आत अंधार असतो. छतावरचं नक्षीकाम बघायला विजेरी लागते आणि मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. नरसिंह तिथेच भेटतो.

वेळ उरला तर मोठ्या मारुतीला जा. ही आडवी, निजलेली मूर्ती आहे आणि तिचा दगड उल्केचा, असा गावकऱ्यांचा विश्वास आहे. शेजारचं अंबर तळंही उल्केच्या तुकड्यानेच झालं का, यावर अभ्यासकांचा वाद आहे.

दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यांत चांगले. उतार अजून हिरवे असतात आणि ऊन सोसवतं. जालन्याहून रस्ता नव्वदेक किलोमीटरचा. समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांनी मेहकरला उतरावं, तिथून लोणार जवळ आहे. परतताना मेहकरच्या शारंगधर बालाजीचं दर्शन घ्यावं. १८८८ मध्ये जमिनीतून निघालेली ती काळ्या पाषाणाची भव्य विष्णुमूर्ती बघायला दुपारचा तासभर मोकळा ठेवा.