धुऱ्याच्या अलीकडे पाणी, पलीकडे धूळ! सातपुड्याच्या पायथ्याखाली दगड सरकला कसा?

वरूड-मोर्शी भागात हे नेहमीचेच आहे. एकाच्या बोअरला पाणी लागते, धुऱ्यापलीकडे तेवढेच खोल जाऊनही नुसती धूळ उडते. संत्र्याची बाग जगवायला कर्ज काढून बोअर मारणाऱ्याचे त्यात कंबरडे मोडते. लोक म्हणतात नशीब. पण बरेचसे उत्तर खालच्या दगडात आहे.

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याने गाविलगड भ्रंश जातो. भ्रंश म्हणजे जिथे दगड तुटून सरकला ती रेघ. पूर्वेला मध्य प्रदेशात हीच रेघ तान शिअर झोन म्हणून ओळखली जाते. दोन बाजूंचे दगड एकमेकांना घासत सरकतात, तेव्हा मधला जो पट्टा रगडला जातो तो शिअर झोन.

दगड सरकतो कसा?

वरचा दगड थंड असतो, जोर आला की तुटतो. पण खाली दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढते. १० ते १५ किलोमीटर खाली, ३०० अंशांच्या पुढे, ग्रॅनाइटमधली गारगोटी न वितळताच कणकेसारखी ताणली जाते. त्यातलेच फेल्डस्पार नावाचे खनिज जास्त कडक. त्याचे डोळ्यासारखे गोळे उरतात आणि बाकीचा दगड त्यांच्याभोवती पट्ट्यापट्ट्यांनी वळतो.

मग सगळाच दगड का नाही सरकत? बैलगाडीची चाकोरी आठवा. एकदा चाक रुतले की पुढची गाडीही त्याच चाकोरीतून जाते. तसेच इथे होते. रगडून दगडाचे कण बारीक होतात, त्यात पाणी शिरते, पट्टा आणखी नरम होतो. म्हणून पुढचे सरकणेही तिथेच होते.

जुनी रेघ पुन्हा हलली

ही चाकोरी कोट्यवधी वर्षे टिकते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून आपला काळा दगड तयार झाला. त्यानंतरही ही जुनी रेघ हलली. उत्तरेची बाजू वर राहिली, दक्षिणेची खचली. मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीला म्हणूनच काळ्या दगडाखालचे जुने खडक उघडे दिसतात. तिथले गरम पाण्याचे झरेही याच रेघेवर आहेत.

बोअरशी काय संबंध?

खोलवर ताणला गेलेला दगड घट्ट असतो, त्यात पाणी मावत नाही. वर आल्यावर, थंडपणी तुटून भेगा पडल्या तरच पाणी साठते. भेग सापडली तर बोअर लागतो, दहा पावले चुकली तर कोरडा जातो. शिअर झोनवर शेत आहे म्हणून पाणी लागेलच, असे नाही.

अन् भेग कुणा एकाची नसते. एकाने जास्त खोल जाऊन उपसा केला की शेजाऱ्याचे पाणी उतरते. खोल गेल्याने पाणी तयार होत नाही. भेगेत पाऊस जिरला तेवढेच मिळते.

त्यामुळे मशीन बोलावण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारणा करावी. नारळ फिरवणाऱ्याला भेग दिसत नाही. कोरड्या बोअरचे पैसे मात्र शेतकऱ्यालाच भरावे लागतात.